जी मुलगी अजून आलेली नाही, तिच्याबद्दल

तोक्योच्या राजवाड्याचा कारभार पाहणाऱ्या कुनाईचो खात्याचे प्रमुख आणि सर्व अधिकारी यांस,

स. न. वि. वि.

पत्र मराठीत आहे. तुमच्या कचेरीत मराठी वाचणारं कुणी असेल असं मला वाटत नाही. पण खुलं पत्र ज्याच्या नावाने लिहितात त्याच्याआधी शेजारपाजारच वाचतात, आणि माझी त्याला हरकत नाही. जपानीतले कागद मराठीत करून देणं हा माझा धंदा. करारनामे आणि यंत्रांच्या माहितीपुस्तिका यांच्या मधल्या वेळात मी वर्षानुवर्षं तुमच्या घरच्या बातम्या वाचत आले. परक्याच्या घरातलं बघू नये म्हणतात. पण तुम्हीच एप्रिल २०२४ पासून इन्स्टाग्रामवर खातं उघडून बसला आहात, तेव्हा पडदा तुमच्या बाजूनेही थोडा सरकलाच आहे.

मला एका लग्नाबद्दल बोलायचं आहे. ते ठरलेलं नाही. मुलगी कोण, हे तुम्हालाही ठाऊक नसणार. राजपुत्र हिसाहितो यांचा जन्म ६ सप्टेंबर २००६ चा. बरोबर १९ वर्षांनी, २०२५ साली, त्यांचा सज्ञान झाल्याचा सोहळा झाला. ते त्सुकुबा विद्यापीठात जीवशास्त्र शिकतात, चतुर या किड्याचा त्यांना लहानपणापासून नाद आहे, आणि एकूण मुलगा शांत दिसतो. त्याच्याबद्दल माझी काही तक्रार नाही. मला काळजी त्याच्या होणाऱ्या बायकोची आहे. ती आज कुठल्या तरी वर्गात बसलेली असेल, किंवा अजून शाळेतही असेल.

गादीच्या वारसांची यादी आता तीन नावांची आहे. सम्राट नारुहितो यांचे धाकटे भाऊ फुमिहितो, जन्म १९६५. त्यांचा मुलगा हिसाहितो. आणि सम्राटांचे काका मासाहितो, जन्म १९३५. त्यापुढे कागद कोरा. १९४७ चा राजघराण्याचा कायदा सांगतो की गादी पुरुषाच्या वंशातल्या पुरुषालाच मिळेल, आणि घरातल्या मुलीने बाहेर लग्न केलं की ती घरातून गेली. म्हणजे हिसाहितोंना मुलगा झाला नाही तर, कायदा आहे तसा राहिला तर, सगळंच थांबतं. ही गोष्ट जपानमध्ये सगळे जाणतात. फक्त ती कुणाच्या पोटावर येऊन पडणार आहे हे स्पष्ट शब्दांत कुणी बोलत नाही. म्हणून मी बोलते आहे. ती त्या मुलीच्या पोटावर पडणार आहे.

तुम्ही म्हणाल, एवढी घाई कशाला, अजून काहीच नाही. पण तुमच्या घरात आधी आलेल्या सुनांकडे बघितलं की वाटतं, आधी काहीच नसतानाच बोलायला हवं होतं.

मिचिको शोदा यांच्यापासून सुरू करते. पिठाच्या गिरण्यांच्या मोठ्या कंपनीच्या मालकाची मुलगी, १९५७ साली कारुईझावाच्या टेनिस कोर्टवर युवराज अकिहितोंची गाठ पडली, १० एप्रिल १९५९ ला लग्न. युवराजाशी लग्न करणारी सामान्य घरातली पहिली मुलगी. वरातीला पाच लाखांवर माणसं रस्त्यावर होती, आणि ती दिसावी म्हणून घरोघर टीव्ही आले. हा झाला बाहेरचा थाट. आत सासूबाई, म्हणजे सम्राज्ञी नागाको, आणि जुन्या सरदार घराण्यांतल्या बायका यांना हे लग्न पसंत नव्हतं. वाङ्निश्चयाच्या वेळी हातमोजे कोपरापर्यंत पोचत नव्हते, यावरसुद्धा नाकं मुरडली गेली. १९६३ साली दुसऱ्या वेळचे दिवस वाया गेले, तेव्हा त्या हायामाला समुद्राकाठी जाऊन एकट्या राहिल्या. पुढे १९९३ साली मासिकांनी त्यांच्यावर टीकेची झोड उठवली, आणि त्या वर्षीच्या वाढदिवशी, २० ऑक्टोबरला, त्या कोसळल्या. त्यानंतर कित्येक महिने त्यांचा आवाज गेलेला होता. आवाज जाणं ही गोष्ट मी अलंकार म्हणून सांगत नाही. बाई बोलू शकत नव्हती.

त्याच वर्षी, जून महिन्यात, त्यांच्या घरात सून आली होती.

मासाको ओवादा. हार्वर्डमध्ये अर्थशास्त्र, मग तोक्यो विद्यापीठात कायदा, मग परराष्ट्र खात्याची परीक्षा, १९८७ पासून नोकरी, मधली दोन वर्षं ऑक्सफर्ड. अमेरिकेशी चाललेल्या व्यापाराच्या वाटाघाटींचं काम त्या करत होत्या, त्यात अर्धवाहकांचा, म्हणजे चिपांचा, मामला होता. १९८६ साली स्पेनच्या राजकन्येसाठी दिलेल्या चहापानात राजपुत्र नारुहितो, म्हणजे पुढचे युवराज, यांनी त्यांना पाहिलं. त्यांनी आधी नकार दिला. युवराजांनी चिकाटी सोडली नाही. ऑक्टोबर १९९२ मध्ये चिबाच्या, तुमच्याच ताब्यातल्या, बदकांच्या राखीव तळ्यावर लग्नाचं विचारलं आणि डिसेंबरात होकार आला. मी जन्मभर सगळ्या शक्तीनिशी तुमचं रक्षण करीन, असं युवराज त्यांना म्हणाले होते. जानेवारी १९९३ च्या पत्रकार परिषदेत ते मासाकोंनी स्वतःच सांगितलं. आणि त्याच परिषदेनंतर चर्चा कसली, तर ही मुलगी नवऱ्यापेक्षा काही सेकंद जास्त बोलली.

मला त्या काही सेकंदांचा विचार अजून सुटत नाही. कुणीतरी बसून ते मोजले असणार.

पुढचं तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त माहीत आहे. १९९९ च्या डिसेंबरात एका मोठ्या दैनिकाने दिवस गेल्याची बातमी अगदी सुरुवातीला फोडली, आणि महिना संपायच्या आत गर्भ गेला. एखाद्या घरात असं झालं तर दोन खोल्यांपलीकडे कळत नाही. इथे सगळ्या देशाला कळलं. १ डिसेंबर २००१ ला आयको जन्मली. मुलगी. जून २००३ मध्ये तुमच्या तेव्हाच्या प्रमुखांनी उघडपणे म्हटलं की आणखी एक मूल व्हावं. त्याच डिसेंबरात त्यांनी धाकट्या जावेबद्दलही, म्हणजे फुमिहितोंच्या बायकोबद्दलही, तसंच, तिसरं मूल व्हावं असं, म्हटलं. म्हणजे थोरली अंथरुणाला खिळलेली असताना. डिसेंबर २००३ मध्ये मासाको नागिणीने आजारी पडल्या आणि सार्वजनिक कामातून बाजूला झाल्या, ती तारीख आणि तुमच्या साहेबांची इच्छा एकाच महिन्यातली आहे. ३० जुलै २००४ ला तुम्ही आजाराचं नाव जाहीर केलंत: परिस्थितीशी जुळवून घेता न येण्याचा विकार. वैद्यकशास्त्रात ते नाव रीतसर आहे. पण मराठीत भाषांतर करताना माझा हात थांबला, कारण मराठी वाक्यात दोष आपोआप बाईकडे जातो. जुळवून तिने घ्यायचं होतं, आणि तिला ते जमलं नाही. ज्याच्याशी जुळवून घ्यायचं, त्याच्याबद्दल आजाराच्या नावात एक अक्षर नाही.

त्याच्या अडीच-पावणेतीन महिने आधी, १० मे २००४ ला, युरोपच्या दौऱ्यावर निघताना युवराज पत्रकारांसमोर म्हणाले होते की मासाकोची कारकीर्द आणि तिचं व्यक्तिमत्त्व नाकारण्याचे प्रकार झाले आहेत. तुमच्या इतिहासात घरचा माणूस असा उघड बोलल्याची उदाहरणं फार नाहीत. नवऱ्याने भर चौकात सासरविरुद्ध बोलावं लागणं म्हणजे आत किती झालं असेल, हे कुठल्याही सुनेला सांगावं लागत नाही. आमच्याकडे याला तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात.

आणि आता गंमत बघा. २०१९ साली नारुहितो सम्राट झाले, मासाको सम्राज्ञी झाल्या, आणि त्याच महिन्यात अमेरिकेचे अध्यक्ष पाहुणे आले. मासाको त्यांच्याशी दुभाष्याशिवाय बोलल्या आणि सगळ्यांनी कौतुक केलं. जून २०२४ मध्ये ब्रिटनच्या राजकीय भेटीत ऑक्सफर्डने त्यांना मानद पदवी दिली. ज्या इंग्रजीचं, ज्या परराष्ट्र खात्याच्या शिस्तीचं आज भूषण वाटतं, ती त्या १९९३ साली सोबत घेऊनच आल्या होत्या. २००२ साली न्यूझीलंड-ऑस्ट्रेलियाला जाण्यापूर्वी त्यांनी स्वतः सांगितलं होतं की परदेशी जाणं कठीण झालेल्या परिस्थितीची सवय करून घ्यायला खूप प्रयत्न करावे लागले. तुम्ही त्यांना घरात बसवलंत कारण दौऱ्यापेक्षा पाळणा महत्त्वाचा होता. वंशाचा दिवा लागेपर्यंत घरातल्या बाकीच्या दिव्यांचं तेल काढून ठेवायचं, असा काहीसा हिशेब.

इथे थोडं थांबून एक जुनी गोष्ट काढते, कारण मला वाटतं अडचणीचं मूळ तिथे आहे. फक्त मुलगाच हवा हा नियम तुमच्याकडे शतकानुशतकं चालला, तो एका बायकोच्या जिवावर चाललेला नाही. सम्राट तैशो, म्हणजे आजच्या सम्राटांचे पणजोबा, यांची आई सम्राज्ञी नव्हती, उपपत्नी होती. तैशोंनी उपपत्नी ठेवल्या नाहीत आणि त्यांना एकाच बायकोपासून चार मुलगे झाले, हे नशीब. पुढे हिरोहितोंच्या सम्राज्ञी नागाको यांना ओळीने चार मुली झाल्या, त्यातली एक तान्हेपणी गेली. उपपत्नी घ्या म्हणून हिरोहितोंना सुचवलं गेलं, त्यांनी ऐकलं नाही. २३ डिसेंबर १९३३ ला पाचव्या खेपेला अकिहितो झाले. तेव्हा तोक्योत भोंगा वाजवायची पद्धत होती: मुलगी असेल तर एकदा, मुलगा असेल तर दोनदा. पहिला भोंगा वाजून थांबला त्या क्षणी त्या बाईच्या मनात काय झालं असेल, याचा मी कधी कधी विचार करते. हीच बाई पुढे मिचिकोंची सासू झाली. जिने एवढं सोसलं तिने सुनेला समजून घ्यायला हवं होतं असं आपण म्हणतो, आणि कुठल्याच घरात तसं होत नाही.

तर १९४७ च्या कायद्याने औरस संततीचीच अट घातली. उपपत्नीची वाट बंद झाली, आणि ते योग्यच झालं. त्याच वर्षी अकरा पाती घराण्यातून वगळली गेली, ५१ माणसं साध्या नागरिकांत गेली. म्हणजे मुलगा येण्याच्या आडवाटा सगळ्या बुजवल्या आणि मुलगाच हवा हा नियम मात्र ठेवला. पूर्वी जो भार अनेक बायका आणि अनेक घरं मिळून उचलत, तो आता एका बाईवर आहे. नियम तोच दिसतो म्हणून परंपरा तीच आहे असं तुम्ही समजता. मला हिशेबात चूक दिसते.

त्यातून १९६५ नंतर घराण्यात ओळीने नऊ मुली झाल्या. २००५ च्या नोव्हेंबरात पंतप्रधानांनी नेमलेल्या मंडळाने सांगितलं की मुलींनाही गादी द्यावी. कायदा बदलायची तयारी चालू होती. मग फेब्रुवारी २००६ मध्ये धाकट्या सूनबाई किको यांना दिवस गेल्याची बातमी आली आणि सगळं गुंडाळून ठेवलं गेलं. किको तेव्हा ३९ वर्षांच्या होत्या, आधीच्या मुलीला अकरा वर्षं होऊन गेली होती. वार खाली आल्याने शस्त्रक्रिया करून बाळंतपण झालं. मुलगा झाला. सगळ्यांनी सुटकेचा श्वास सोडला. किकोंबद्दल कुणी हळहळ व्यक्त केल्याचं मी वाचलेलं नाही, कारण त्या ‘जिंकल्या’ होत्या. चाळिशीच्या उंबरठ्यावर, एवढ्या वर्षांनी पुन्हा गर्भारपण, तेही सगळा देश बोटं मोजत असताना. यात त्यांची स्वतःची इच्छा किती होती हे त्याच जाणोत. मुलगी झाली असती तर आज त्यांच्याबद्दल काय लिहिलं गेलं असतं, तेवढं मात्र मला सांगता येईल.

तुमचं उत्तर मला पाठ आहे: कायदा संसद करते, आम्ही फक्त कारभार बघतो. बरोबर. पण तिसऱ्या मुलाची इच्छा तुमच्या प्रमुखांनी बोलून दाखवली तेव्हा संसदेची वाट पाहिली नव्हती. बोलायचं ठरवलं की तुम्हाला बोलता येतं. तर आता बोला. सरकारला सांगा की राजपुत्राचं लग्न ठरायच्या आत वारसाचा प्रश्न सोडवा. आयको ज्या घरात जन्मली, तिथेच वाढली, २०२४ साली विद्यापीठातून बाहेर पडून रेडक्रॉसमध्ये कामाला लागली. लोकांना ती आवडते. तुमच्या इतिहासात आठ स्त्रिया गादीवर बसून गेल्या, शेवटची १७६२ ते १७७१. ऑक्टोबर २०२४ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या महिलाविषयक समितीने बायकांनाही गादी मिळावी असं सुचवलं, तर जानेवारी २०२५ मध्ये जपान सरकारने कळवलं की आमच्या देणगीतला पैसा या समितीवर खर्च करू नका. रागावलेल्या सासऱ्याने वर्गणी काढून घ्यावी तसं वाटलं मला ते.

आयकोला गादी मिळावी की नाही यावर मी वाद घालत बसणार नाही, तो जपानी माणसांचा प्रश्न आहे. माझं म्हणणं एवढंच की यादीत हिसाहितोंच्या पुढे-मागे आणखी चार नावं असतील, कुठल्याही वाटेने आलेली, तर त्या येणाऱ्या मुलीच्या पोटाला फक्त तिचं पोट म्हणून राहता येईल. तिला मूल होईल, किंवा होणार नाही, किंवा तिसरीही मुलगीच होईल, आणि तुमच्या प्रमुखांना त्यावर इच्छा व्यक्त करावी लागणार नाही.

ते होत नसेल तर निदान घरातल्या घरात काही करा. तिचा डॉक्टर तिला निवडू द्या, आणि तिच्या पाळीचा हिशेब त्याच्या फायलीबाहेर जाऊ देऊ नका. ती जे शिकून आली असेल, समजा भूगर्भशास्त्र, समजा हिशेबतपासणी, ते तिच्या हातून काढून घेऊ नका. मिचिकोंनी वाड्यात स्वयंपाकघर करून घेतलं, मुलं दाईच्या हवाली न करता स्वतः वाढवली, तेव्हाही आकाश कोसळेल असं वाटलं होतं. त्यांनी मोठ्या मुलाला सांभाळणाऱ्यांसाठी सूचना लिहून ठेवल्या होत्या. त्या मुलाचं पुढे बरंच चांगलं झालं, आज तोच सम्राट आहे.

जपानीत सुनेला ‘योमे’ म्हणतात. ते चिन्ह लिहिताना डावीकडे बाई काढायची आणि उजवीकडे घर. घर लिहायला जास्त रेघा लागतात, बाईला थोडी जागा उरते. तो लिपीचा भाग आहे, त्यात अर्थ शोधू नये असं माझे शिक्षक सांगायचे. आणि आम्ही तरी काय, नवऱ्या मुलीला ‘अष्टपुत्रा सौभाग्यवती भव’ म्हणून पाया पडतानाच आकडा सांगून टाकत होतो. तेव्हा ही उपदेशाची पत्रावळ वरच्या पायरीवरून वाढते आहे असं समजू नका.

शेवटी कागदांबद्दल. त्या मुलीचं आडनाव जाईल. तिच्या कुटुंबाच्या नोंदवहीतून नाव निघेल आणि राजघराण्याच्या वंशावळीच्या वहीत चढेल. मतदानाचा हक्क जाईल. तुमच्या देशाच्या संविधानाच्या २४ व्या कलमात लिहिलंय की लग्न दोघांच्या संमतीनेच होतं. पण राजघराण्याच्या कायद्याच्या १० व्या कलमाप्रमाणे राजपुत्राच्या लग्नाला राजघराणे परिषदेची मान्यता लागते. दहा माणसं: घराण्यातली दोन, पंतप्रधान, दोन्ही सभागृहांचे अध्यक्ष-उपाध्यक्ष, सरन्यायाधीश, आणखी एक न्यायाधीश, आणि तुमचे प्रमुख. कलम १४ प्रमाणे तिला स्वतःच्या मर्जीने हे घर सोडता येईल ते नवरा गेल्यावर. घटस्फोट झाला तर आपोआप बाहेर. ही तिन्ही कलमं कुणीतरी तिच्यासमोर बसून, सावकाश, वाचून दाखवावीत. राजपुत्राने नव्हे, तो प्रेमात असेल. तुमच्यापैकी कुणीतरी.

आणि ज्या दिवशी ती दहा माणसं बसतील, त्या दिवशी खोलीत अकरावी खुर्ची ठेवा. तिला त्यावर बसवून विचारा. ती जास्त वेळ बोलली तर घड्याळाकडे बघू नका. तिने विचार करायला मुदत मागितली तर तीही द्या. मासाको ओवादांना ऑक्टोबर ते डिसेंबर लागले होते. हिला पुढचा वसंत लागला तरी चालेल.

कळावे,
आपली,
एक अनुवादक